सहज मानसशास्त्र, भाषा आणि साहित्य (कृत्रिम बुद्धिमत्तेतील संशोधन)

माणसे एकमेकांच्या मनाविषयी रोजच्या व्यवहारात जे ज्ञान वापरतात आणि जे कोणत्याही ग्रंथातून शिकलेले नसते, त्याला सहज मानसशास्त्र म्हणतात. समोरच्याला काय हवे आहे, त्याला काय ठाऊक आहे, तो गप्प का झाला, हे आपण सतत ताडत असतो आणि त्यावरूनच त्याच्या बोलण्याचा अर्थ लावतो. हा मनकवडेपणा यंत्राला कसा द्यावा आणि त्याच्या जोरावर यंत्राला भाषा व कथा कळतील का, याचा शोध कृत्रिम बुद्धिमत्तेची एक शाखा घेते. अडचण एकच, पण मोठी आहे. हे ज्ञान सगळ्यांपाशी असल्यामुळे ते कोणी बोलून दाखवत नाही, त्यामुळे मजकुरात ते क्वचितच सापडते.

मानसशास्त्रात या विषयाचा पाया फ्रिट्झ हायडर यांनी घातला. १९४४ साली त्यांनी व मेरियान सिमेल यांनी एक छोटी चलचित्रफीत वापरून प्रयोग केला. फितीत मोठा त्रिकोण, लहान त्रिकोण, लहान वर्तुळ आणि दारासारखी उघडझाप करणारी एक चौकट, एवढेच होते. जे दिसले ते लिहा, असे सांगितल्यावर एकाचा अपवाद सोडता सर्वांनी त्या आकृत्यांना हेतू बहाल केले : मोठा त्रिकोण दांडगाई करतो, वर्तुळ घाबरून लपते, लहान त्रिकोण आणि वर्तुळ मिळून निसटतात. हालचालींत मन पाहण्याची ही खोड किती मुळातली आहे, हे या प्रयोगाने दाखवले. १९५८ साली हायडर यांनी व्यक्तीव्यक्तींमधील संबंधांच्या मानसशास्त्रावरील आपल्या ग्रंथात या सहज ज्ञानाचीच सविस्तर मांडणी केली. त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी व्यवहारज्ञान असलेल्या प्रोग्रॅमची कल्पना मांडली आणि असे ज्ञान तर्कशास्त्राच्या सूत्रांत लिहावे, असे सुचवले.

भाषेच्या बाजूने हा प्रश्न किती खोल जातो, हे टेरी विनोग्राड यांच्या १९७२च्या एका उदाहरणावरून कळते. ‘नगरसेवकांनी आंदोलकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती वाटत होती.’ इथे ‘त्यांना’ म्हणजे नगरसेवकांना. आता शेवट बदलून ‘कारण त्यांना हिंसाचार हवा होता’ असे केले, तर तेच ‘त्यांना’ आंदोलकांकडे जाते. व्याकरण दोन्हीकडे सारखेच आहे. फरक पडतो तो परवानगी देणारा कशाला भितो आणि मागणाऱ्यावर कसला संशय घेतला जातो, या जाणिवेने. हेक्टर लेव्हेक यांनी पुढे याच धर्तीच्या वाक्यजोड्यांची रीतसर चाचणी सुचवली. २०१६ साली झालेल्या स्पर्धेत सर्वोत्तम प्रोग्रॅमला सुमारे ५८ टक्केच उत्तरे बरोबर देता आली.

कथा समजून घेण्याचे पहिले मोठे प्रयत्न १९७०च्या दशकात झाले. यूजीन चार्नियाक यांनी १९७२च्या प्रबंधात लहान मुलांच्या गोष्टी निवडल्या आणि दोन-चार ओळींच्या गोष्टीलाही न लिहिलेल्या ज्ञानाचा केवढा आधार लागतो, हे दाखवून दिले. येल विद्यापीठात रॉजर शँक आणि रॉबर्ट एबेलसन यांनी १९७७ साली ‘स्क्रिप्ट’ ही संकल्पना मांडली. उपाहारगृहात जाणे, मागवणे, खाणे, पैसे देणे हा ठरलेला क्रम ठाऊक असला, की ‘त्याने मागवले आणि पैसे देऊन निघाला’ एवढ्यावरून तो जेवला हे यंत्र भरून काढू शकते. पण जे ठरलेल्या चाकोरीत बसत नाही, त्याचे काय? रॉबर्ट विलेन्स्की यांचा ‘पॅम’ हा प्रोग्रॅम त्यासाठी पात्रांचे हेतू आणि बेत शोधत असे. विलाला भूक लागली, तिने उपाहारगृहांची मार्गदर्शिका उचलली आणि ती गाडीत बसली. या तीन घटनांना जोडणारा बेत कथेत कुठेच लिहिलेला नाही, तो वाचणाऱ्याने पुरवायचा असतो.

जेम्स मीहान यांचा ‘टेल-स्पिन’ हा प्रोग्रॅम उलट्या दिशेने, म्हणजे पात्रांना हेतू देऊन कथा रचत असे. त्याच्या फसलेल्या कथा यशस्वी कथांपेक्षा कितीतरी अधिक शिकवतात आणि मीहान यांनी त्या जपून प्रसिद्ध केल्या, हे या क्षेत्राचे भाग्यच. एका कथेत हेन्री नावाची मुंगी नदीत पडते आणि शेवटी चक्क गुरुत्वाकर्षण बुडून मरते. मुंगीला पाण्यात नेणारा ‘कर्ता’ म्हणून प्रोग्रॅमने गुरुत्वाकर्षणाची नोंद केली होती, त्यामुळे तेही पाण्यात पोहोचले. मुंगीला वाचवायला मित्र होता, गुरुत्वाकर्षणाला ना पाय, ना पंख, ना मित्र. मन कोणाला असते आणि कोणाला नसते, ही हायडर यांनी हाताळलेलीच सीमारेषा इथे पुसली गेली होती. दुसरी कथा कोल्ह्या-कावळ्याची. चोचीत चीजचा तुकडा धरलेल्या कावळ्याचे लक्ष त्या तुकड्याकडे जाते, त्याला भूक लागते, तो तुकडा गिळतो. कोल्हा येतो आणि गोष्ट संपते. कावळ्याचे वागणे त्याच्या परीने सुसंगत आहे, पण कथा उरली नाही. पात्रांच्या हेतूंच्या वर कथाकाराचेही हेतू असतात, हे यातून स्पष्ट झाले. स्कॉट टर्नर यांच्या ‘मिन्स्ट्रेल’ने (१९९३) कथाकाराच्या हेतूंना स्वतंत्र स्थान दिले. त्याआधी १९८१ साली वेंडी लेनर्ट यांनी पात्रांच्या सुखद, दुःखद आणि तटस्थ मनोवस्थांच्या जोडण्यांतून कथानकाचा सांगाडा काढून सारांश करण्याची पद्धत मांडली होती.

जेरी हॉब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली अर्थ लावण्याच्या क्रियेलाच एक सूत्र दिले : मजकूर हे निरीक्षण मानायचे आणि तो खरा ठरवणारे सर्वांत कमी खर्चाचे स्पष्टीकरण शोधायचे. जितकी गृहीतके अधिक व ओढूनताणून आणलेली, तितका खर्च जास्त. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, म्हणजे तो रात्री जेवत असला पाहिजे, या मीमांसकांच्या अर्थापत्तीशी या विचाराचे जवळचे नाते आहे.

मात्र स्पष्टीकरणे शोधायला मनाविषयीची सूत्रे हवीत. ती लिहिण्याचे चिकाटीचे काम अँड्र्यू गॉर्डन आणि हॉब्ज यांनी केले. गॉर्डन यांनी दहा वेगवेगळ्या क्षेत्रांतले ३७२ डावपेच जमवले आणि ते नेमके मांडायला कोणत्या संकल्पना लागतात ते तपासले. त्यांत मनाशी निगडित संकल्पनांचा वाटा फार मोठा निघाला. त्यातून २०१७ साली दोघांचा सहज मानसशास्त्राच्या औपचारिक सिद्धांतावरचा ग्रंथ आला. स्मरण, समजुती, उद्दिष्टे, नियोजन, भावना यांचे वेगवेगळे सिद्धांत त्यात तर्कसूत्रांत बांधले आहेत. उदाहरणार्थ, एखादी गोष्ट स्मृतीत असते किंवा लक्षात, म्हणजे मनासमोर, असते. स्मृतीतून मनासमोर येण्याची तिची सुलभता एका मर्यादेखाली घसरली, की माणूस ती विसरला. मेंदूत खरोखर असेच घडते, असा यात दावा नाही. माणसे मनाविषयी कसा विचार करतात त्याचे हे चित्र आहे, आणि कथा समजायला नेमके तेच लागते. गॉर्डन यांच्या गटाने हलत्या त्रिकोणांच्या प्रसंगांवर आधारित शंभर प्रश्नांचा एक संचही तयार केला, त्यात घटनेचे अधिक पटणारे स्पष्टीकरण निवडायचे असते.

मोठ्या भाषाप्रारूपांनी, म्हणजे प्रचंड मजकुरावरून भाषा शिकलेल्या प्रणालींनी, चित्र बदलले. विनोग्राड यांच्या धर्तीच्या वाक्यांवर २०१९च्या सुमारास प्रारूपे ९० टक्क्यांपर्यंत पोहोचली. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी १९८३ साली मुलांसाठी रचलेली चुकीच्या समजुतीची कसोटीही (वस्तू हलवताना जो तिथे नव्हता, तो ती कुठे शोधेल?) प्रारूपांना देण्यात आली. २०२३ साली मिखाल कोसिन्स्की यांनी नव्या प्रारूपांचे यश नोंदवले. त्याच वर्षी टोमर उलमन यांनी प्रश्नांत किरकोळ फेरफार केले. पिशवीवर ‘चॉकलेट’ लिहिले आहे, आत पॉपकॉर्न आहे, पण पिशवी पारदर्शक आहे. बघणारीला आत काय दिसते हे उघड असूनही प्रारूपाने ती चॉकलेट समजेल असेच उत्तर दिले. नेहमीच्या साच्यातला प्रश्न सुटणे आणि समोरच्याची नजर कुठे पोहोचते हे कळणे, यांतले अंतर या एका पिशवीने उघडे पाडले. सूत्रांची पद्धत तुटक आणि मर्यादित आहे, पण तिच्यात कोणत्या समजुतीवरून निष्कर्ष निघाला ते बोट ठेवून दाखवता येते. प्रारूपांची व्याप्ती अफाट आहे, पण तसा माग काढणे अवघड जाते. म्हणून प्रारूपाकडून संभाव्य स्पष्टीकरणे घ्यायची आणि तर्कपद्धतीने ती तपासायची, असेही प्रयत्न होतात.

साहित्यात एक हिशेब आणखी वाढतो. काय घडले आणि पात्राला काय वाटते, याखेरीज निवेदकाने वाचकाला किती कळू दिले, हेही धरावे लागते. उत्कंठा या तिसऱ्या हिशेबावर चालते. रिचर्ड गेरिग आणि अॅलन बर्नार्डो यांनी १९९४ साली दाखवले, की नायकाच्या सुटकेचे मार्ग मजकुरातून एकेक करून बंद केले, की वाचकाची उत्कंठा वाढते. युन-ग्यंग चेओंग आणि मायकेल यंग यांच्या ‘सस्पेन्सर’ या प्रणालीने हेच तत्त्व घेतले : घटनांचा क्रम तयार असताना त्यांतल्या कोणत्या सांगायच्या आणि कोणत्या राखून ठेवायच्या हे ती ठरवते, आणि त्यासाठी वाचकाला त्या क्षणी सुटकेचे किती मार्ग दिसत असतील याचा अंदाज बांधते.