मोरोक्कोला चक्कर मारली म्हणून ९० दिवस नव्याने सुरू होत नाहीत

कोल्हापूरच्या राजारामपुरीत स्पॅनिशचा क्लास लावून स्पेनमध्ये चार-सहा महिने राहायचे बेत आखणाऱ्या पोरांत एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: शेंगेन व्हिसाचे (स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा अल्प मुदतीचा व्हिसा) ९० दिवस संपत आले की बोटीने मोरोक्कोला जायचं, शिक्का मारून परतायचं, की मीटर शून्यावर. नाही भावांनो, तसं होत नाही.

रोज त्या दिवसापासून मागचे १८० दिवस मोजतात. त्यांत शेंगेन देशांतला एकूण मुक्काम ९० च्या वर जाता कामा नये. १ मार्चला माद्रिदला उतरलात, तर २९ मेला कोटा खल्लास. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात. पुढे मोरोक्कोत राहा नाहीतर रंकाळ्यावर भेळ खात बसा, २८ ऑगस्टच्या आधी आत पाऊल नाही. तेही व्हिसा मल्टिपल एंट्रीचा (पुन्हा आत येऊ देणारा) आणि तोवर वैध असेल तरच.

शिवाय ९० ही कमाल मर्यादा. पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवर मुक्कामाच्या दिवसांचा वेगळा रकाना असतो (तो कुणी वाचतच नाही). तिथे ३० छापलं असेल तर तीसच.

तीन महिन्यांहून मोठा भाषेचा कोर्स करायचा असेल तर स्पेनचा विद्यार्थी व्हिसा लागतो. तो निघण्यापूर्वी इथूनच काढा.