अक्रोडाचे कवच

अक्रोड (जुग्लान्स रेजिया, कुल जुग्लँडेसी) या वृक्षाच्या फळात बीजाभोवती असणारे टणक, काष्ठमय आवरण. व्यवहारात यालाच टरफल म्हणतात; पण झाडावर ते दिसत नाही. त्यावर हिरवी, मांसल साल असते आणि फळ पिकले की ती तडकून सुटते. या सालीचा रस हाताला लागला की गडद तपकिरी डाग पडतो व तो धुऊन लवकर जात नाही. ही करामत जुग्लोन व त्यासोबतच्या संयुगांची. अनेक पुस्तकांत हे फळ अश्मगर्भी (आंब्यासारखे, आत कठीण कोय असलेले) म्हटलेले असते. मात्र हिरवी साल केवळ अंडाशयापासून बनत नाही, फुलाभोवतीच्या छदांचाही (पानासारख्या लहान अवयवांचाही) त्यात वाटा असतो. म्हणून काही वनस्पतिशास्त्रज्ञ ते वर्गीकरण मान्य करत नाहीत.

कोवळ्या फळात कवच इतके मऊ असते की सुई सहज आरपार जाते. पुढे पेशींच्या भित्तींमध्ये लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य) साचत जाते, त्या जाड होतात आणि अखेरीस पेशी मरतात. पक्व कवच म्हणजे मृत पेशींचीच भिंत. पण तिचे बळ केवळ लिग्निनमुळे नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिले की या पेशींना अनेक खोलगट-फुगीर कंगोरे असतात आणि जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांप्रमाणे त्या शेजारच्या पेशींत अडकलेल्या असतात. त्यामुळे दोन पेशींमधून तडा सहज पुढे सरकत नाही. पिस्त्याच्या कवचातही पेशींची अशी गुंतवण आढळते.

एवढ्या मजबूत रचनेत कच्चा दुवा एकच, दोन अर्धुकांमधली शिवण. रुजताना बी पाणी शोषून फुगते आणि कवच तिथेच उकलते. बीजपत्रे मात्र आतच राहतात, जमिनीवर येत नाहीत. अक्रोड फोडतानाही सुरी शिवणीत घालून पिळली तर गर बराचसा अखंड निघतो. हातोडीने त्याचा चुरा होतो.

कवचाची जाडी वाणानुसार बदलते. कागदी अक्रोड बोटांनी दाबूनही फुटतो. अमेरिकेतील काळ्या अक्रोडाचे (जु. नायग्रा) कवच इतके जाड असते की साधा अडकित्ता त्यापुढे हात टेकतो. पातळ कवच ग्राहकाला आवडते. पण शिवण नीट मिटलेली नसेल तर कीड व बुरशी आत शिरतात. गरात सुमारे 65 टक्के तेल असते, त्यातले बहुतांश बहुअसंतृप्त, म्हणजे हवा व उजेड लागला की खवट होणारे. फोडलेल्या गरापेक्षा कवचातले अक्रोड जास्त टिकतात ते यामुळेच.

वजनाने साधारण निम्मा अक्रोड कवचच असतो, तेव्हा प्रक्रिया उद्योगात त्याचा ढीग साचणारच. त्याची भरड मोस मापनश्रेणीवर (कठीणपणाच्या 1 ते 10 अशा पट्टीवर) सुमारे 3 ते 4 कठीण भरते: काजळी व रंगाचे पोपडे खरवडण्याइतकी कठीण, पण पोलादाला ओरखडा न पाडणारी. म्हणून दाबाच्या हवेने ती फवारून मोटारींच्या इंजिनातील झडपांवरचा कार्बन काढतात. वाळूच्या फवाऱ्यात सिलिकोसिसचा (वाळूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाचा) धोका असतो, तो इथे नाही. मात्र धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखवटा लागतोच. तेलविहिरींच्या पाण्यातले तेल गाळण्यासाठी, खोदकामात खडकांच्या भेगा बुजवण्यासाठी आणि सक्रियित कार्बन (अशुद्धी शोषणारा सच्छिद्र कोळसा) बनवण्यासाठीही कवच वापरतात. अमेरिकेने 2015 मध्ये धुऊन टाकायच्या प्रसाधनांतील प्लॅस्टिकच्या सूक्ष्म मण्यांवर बंदीचा कायदा केला, आणि पर्याय म्हणून अशा नैसर्गिक भुकट्या पुढे आल्या. चेहऱ्यासाठी ही भुकटी फारशी योग्य नाही, कारण तिच्या कणांना धारदार कोपरे असतात.