नाताळच्या कुकीज: भट्टीपासून घरच्या ओव्हनपर्यंत

नाताळच्या आधी दोन-तीन आठवडे घरी कुकीज भाजायच्या, डबे भरायचे आणि आप्तेष्टांना वाटायचे, ही रीत शेकडो वर्षांची असावी असं वाटतं. पदार्थ खरोखरच तितके जुने आहेत. ते घरी भाजणं मात्र बरंच अलीकडचं. मध्ययुगीन युरोपात बहुतेक घरांत चूल असे, भट्टी नसे. पाव गावच्या सामाईक भट्टीत किंवा बेकरकडे भाजला जाई आणि मसालेदार गोड पदार्थ करणं हे तर खास कारागिरांचं काम. तेव्हा या कुकीजचा इतिहास पाहायचा तर पाककृतींइतकंच साखर, सोडा आणि ओव्हन यांच्याकडेही पाहायला हवं.

सुरुवात जर्मनीतल्या न्यूरेंबर्गपासून करावी लागते. हे शहर मोठ्या व्यापारी मार्गांच्या सांध्यावर होतं. मलबारची मिरी, मोलुक्का बेटांवरची लवंग आणि जायफळ, शिवाय दालचिनी आणि सुंठ असा माल व्हेनिसमार्गे तिथे पोहोचे. भोवतालच्या जंगलांतून मध मिळे. या दोन्हींतून तिथलं प्रसिद्ध लेबकूखन, म्हणजे मध-मसाल्याची कुकी, घडलं. ते करणारे कारागीर आधी बेकरांमध्येच मोडत. 1643 मध्ये त्यांना स्वतंत्र संघ मिळाला. मसाले महाग, म्हणून ते मोठ्या सणासाठी राखून ठेवायचे. नाताळ आणि दालचिनी-लवंगेचा वास यांची जोडी जमली त्यामागे भक्तीइतकाच हा खर्चाचा हिशेबही आहे.

मधाच्या पिठाचं तंत्र तर मुळातून समजून घेण्यासारखं आहे. मध आणि पीठ एकत्र करून तो गोळा थंड जागी कित्येक आठवडे ठेवला जाई. त्या काळात पिठात हळूहळू आम्लं तयार होत. मग भाजण्याआधी त्यात लाकडाच्या राखेपासून काढलेला क्षार, म्हणजे पोटॅश, मिसळायचा. आम्ल आणि क्षार भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि जड पीठ फुलतं. रसायनशास्त्राला ही भाषा सापडण्याच्या कितीतरी आधी कारागिरांच्या हाताला हे माहीत होतं. शिवाय मध पाणी धरून ठेवतो, त्यामुळे कुकी आठवडेच्या आठवडे टिकते, उलट मुरून मऊ होते. आठवडे आधी भाजून डब्यात भरून ठेवण्याची सवय इथून आलेली आहे.

लोण्याची गोष्ट वेगळी. नाताळापूर्वीचे आठवडे हा तेव्हा उपवासाचा काळ होता आणि त्यात लोणी वर्ज्य. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या ड्रेस्डेनचा श्टोलन हा गोड पाव त्यामुळे तेलावर केला जाई. सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी सवलत मागितली आणि 1491 मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी लोणी वापरायची परवानगी दिली, त्याबदल्यात चर्चच्या बांधकामासाठी पैसे भरायचे या अटीवर. आज लोण्याने ओथंबलेल्या भाजीव पदार्थांशिवाय हा सण सुचत नाही, हे लक्षात घेतलं की त्या परवानगीचं मोल कळतं.

साखर हा या कथेतला सर्वांत कठोर भाग आहे. अठराव्या शतकात युरोपात साखर वाढली ती कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून, गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांच्या श्रमांवर. तो उल्लेख टाळून या गोडव्याचा इतिहास सांगणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. दुसरा रस्ता बर्लिनमधल्या प्रयोगशाळेत उघडला. रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्कग्राफ यांनी 1747 मध्ये बीटमध्येही तीच साखर असल्याचं दाखवलं. त्यांचे शिष्य फ्रांझ आखार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सायलेशियात बीटसाखरेचा पहिला कारखाना उभारला. पुढे नेपोलियनच्या काळात परदेशी साखर अडली तेव्हा बीटला जोर आला. शतक सरता सरता साखर साध्या कुटुंबाच्या फडताळात पोहोचली आणि मधाच्या जोडीला साखर-लोण्याच्या, अंड्याच्या, बदामाच्या नाजूक कुकीज घरोघरी होऊ लागल्या.

अमेरिकेत ही परंपरा डच आणि जर्मन वसाहतकऱ्यांबरोबर गेली. 1796 मध्ये अमेलिया सिमन्स यांचं ‘अमेरिकन कुकरी’ हे पुस्तक निघालं. अमेरिकन लेखिकेने लिहून तिथेच छापलेलं हे पहिलं पाकपुस्तक मानलं जातं. त्यात नाताळच्या कुकीची कृती आहे: तीन पाउंड पीठ, एक पाउंड लोणी, दीड पाउंड साखर, चहाचा कपभर धन्याची पूड आणि दुधात विरघळवलेला राखेचा शुद्ध क्षार. कुकी आधी कडक आणि कोरडी लागेल, पण मातीच्या भांड्यात भरून ठेवली तर सहा महिन्यांनी अधिक मऊ आणि चांगली होईल, असंही सिमन्सबाई लिहितात. दालचिनीच्या जागी धने! हा स्वाद आज नाताळच्या कुकीजमधून जवळजवळ पुसला गेला आहे. तो पुन्हा करून पाहण्याजोगा आहे.

राखेचा क्षार बेभरवशाचा. जास्त पडला तर साबणासारखी चव. 1846 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन ड्वाइट आणि ऑस्टिन चर्च यांनी खाण्याचा सोडा विकायला सुरुवात केली. त्यानंतर बेकिंग पावडर आली. जर्मनीत 1890च्या दशकात औषधविक्रेते आउगुस्ट ओएटकर यांनी अर्धा किलो पिठाला पुरेल एवढ्या मापाच्या पुड्या काढल्या, तेव्हा कुकी फुलेल की नाही ही घरातली धाकधूक बरीच संपली. त्याच दशकात, 1896 मध्ये, बोस्टनच्या पाककला-शिक्षिका फॅनी फार्मर यांनी चमचा आणि कप सपाट भरून मोजण्याचा आग्रह धरला. त्याआधी ‘अंड्याएवढं लोणी’ हेही माप चालत असे.

ओव्हनचं तेच. एकोणिसाव्या शतकात लोखंडी शेगड्या आल्या आणि भट्टी स्वयंपाकघरात शिरली, पण आच ओळखायची ती आत हात धरून किंवा कागद किती वेळात तांबूस होतो ते पाहून. 1920च्या दशकात गॅसच्या ओव्हनना तापमान राखणारी कळ मिळाली. पातळ कुकी दोन मिनिटांत करपते, म्हणून या कळीचा सर्वांत मोठा लाभ कुकीजनाच झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पत्र्याचे स्वस्त साचे मिळू लागले. त्याआधीचे साचे लाकडी आणि हाताने कोरलेले असत. श्प्रिंगर्ले या बडीशेपेसारख्या स्वादाच्या कुकीजवर ते अजून उमटवतात. ठसा उमटवून कुकी रात्रभर सुकू देतात, म्हणजे वरची नक्षी टिकते आणि फुगवटा खालच्या बाजूला येतो. मुलं साच्याने तारे आणि झाडं कापतात, ते हलक्या पत्र्यामुळे शक्य झालं.

जुनी रसायनं पुरती गेलेली नाहीत. जर्मनीत नाताळाच्या आधी दुकानांत पोटॅश आणि अमोनियम कार्बोनेटच्या छोट्या पुड्या आजही मांडलेल्या दिसतात. पोटॅशने पीठ आडवं पसरतं, अमोनियम कार्बोनेटने वर उचललं जातं. दुसऱ्याचा अमोनिया भाजताना पूर्ण उडून जायला हवा, म्हणून ते फक्त पातळ, सपाट कुकीजमध्ये वापरतात. जाड केकमध्ये त्याचा वास आतच राहतो.