तुरट ही चव नव्हेच?

षड्रसांमध्ये तुरटाला मानाचं पान असलं, तरी शरीरशास्त्र त्याला चवींच्या पंगतीत बसवायला फारसं राजी नाही. भरदार रेड वाइनचा घोट तोंडात घोळवून पाहा. काही क्षणांतच जीभ टाळूवरून सरकेनाशी होते, हिरड्यांवरून बारीक पॉलिशपेपर फिरवल्यासारखं वाटतं. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यांचे पुंजके होतात आणि तोंडातलं वंगणच जातं. पारखी मंडळी घोट पिकदाणीत थुंकतात, तेव्हा त्यात जांभळट तार दिसते ती या पुंजक्यांचीच. म्हणजे तुरटपणा हा बव्हंशी स्पर्श! लागोपाठ घेतलेला दुसरा घोट पहिल्याहून तुरट लागतो, कारण लाळ पुन्हा भरून यायला उसंत मिळालेली नसते. म्हणून दोन वाइनच्या मध्ये पाणी प्या, जरा थांबा. नाहीतर रांगेतल्या शेवटच्या बाटलीवर उगाच अन्याय होतो.

घोट 'जड' वाटतो त्यात अल्कोहोलचा वाटा मोठा. अशा वाइनमध्ये ते बहुधा १४ टक्क्यांच्या आसपास असतं. तिखट मिरची तोंडातल्या ज्या ग्राहीला, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या संवेदकाला, चेतवते, तीच अल्कोहोलमुळे हळवी होते. एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जागी होणारी ही ग्राही ३४ अंशांनाच जागी होते, आणि तोंडाची स्वतःचीच ऊब चटका देऊ लागते.

पेल्याच्या काचेवरून ओघळणारे थेंब पाहून माना डोलावणारे पुष्कळ भेटतात. त्यातून अल्कोहोलचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल चटकन उडतं, तिथला पृष्ठताण वाढतो, द्रव वर ओढला जातो आणि जड झाला की ओघळतो. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच हे उलगडलं होतं. पेला झाकून ठेवा, ओघळ थांबतात.

वासाची बाजू मात्र फसवी. फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या संशोधकांनी ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन लाल रंगवून दिली. त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्याच शब्दांत केलं. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा रंग बघायचाच असेल, तर वास घेऊन झाल्यावर बघावा, असं माझं मत. काठाशी जांभळी झाक असेल तर वाइन तरुण, विटकरी असेल तर मुरलेली.

वास घेताना भांडणं होतात ती निराळीच. शिराझ या द्राक्षाच्या रेड वाइनमध्ये काळ्या मिरीचा जो वास येतो, तो रोटंडोन या रेणूचा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये तो ओळखला. त्याच वेळी असंही आढळलं, की पाचातल्या एकाला पाण्यात बऱ्यापैकी मिसळूनही त्याचा वास येतच नाही. टेबलाभोवती चौघं 'मिरी, मिरी' म्हणत असतात आणि पाचवा पेल्यात नाक खुपसून नुसता बसलेला असतो.