लहान कुत्रा दत्तक घ्यायचाय? पात्रता, कागदपत्रे, करार आणि घरातले पहिले दिवस

निवारा केंद्रातून किंवा बचाव संस्थेकडून कुत्रा दत्तक घ्यायचा तर प्रक्रिया साधारण ठरलेली असते. आधी अर्ज, मग कागदपत्रांची तपासणी आणि मुलाखत, त्यानंतर कुत्र्याशी भेट, घरभेट, करार आणि शेवटी ताबा. काही ठिकाणी हे सगळं एका दिवसात उरकतं, काही ठिकाणी दोन-तीन आठवडे जातात. वेळ लागला की लोक वैतागतात, पण एक लक्षात ठेवा: तुमच्याकडे येणारा कुत्रा बहुतेक वेळा एक घर गमावून आलेला असतो. त्याचं दुसरं घर मोडू नये यासाठीच ही विचारपूस असते, आणि लहान चणीच्या कुत्र्यांच्या बाबतीत ती जास्तच बारकाईने होते.

त्याला कारणही आहे. लहान कुत्र्यासाठी अर्ज फार येतात. 'जागा कमी लागते, खायला कमी लागतं, सांभाळायला सोपा' असं गृहीत धरून लोक येतात. जागा कमी लागते हे खरं. पण लहान जातींचे कुत्रे मोठ्यांपेक्षा जास्त जगतात. बारा ते पंधरा वर्षं सहज, कधी त्याहून जास्त. आज अर्जावर सही करताना तुम्ही पुढच्या पंधरा वर्षांसाठी सही करत असता.

कोण अर्ज करू शकतं

अर्जदार सज्ञान हवा. बहुतेक संस्था किमान 18 वर्षं पूर्ण असण्याची अट ठेवतात, काही 21. मुलाचा हट्ट म्हणून कुत्रा घेत असाल तरी अर्ज पालकाच्याच नावाने होतो आणि जबाबदारीही पालकाचीच राहते. संस्था घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची संमती विचारते. एकजण जरी मनापासून तयार नसेल तर घाई करू नका. परत आलेल्या कुत्र्यांमागे 'घरच्यांना चालत नव्हतं' हे कारण नेहमीचंच असतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना कुत्रा मिळत नाही, हा गैरसमज आहे. मिळतो, फक्त घरमालकाची लेखी परवानगी लागते. एकटे राहणारे, नोकरी करणारे, निवृत्त झालेले, कोणीही पात्र ठरू शकतात. संस्थेला एवढंच पाहायचं असतं की दिवसभरात कुत्रा किती तास एकटा राहणार आणि तुम्ही आजारी पडलात किंवा बाहेरगावी गेलात तर त्याला कोण पाहणार. वयस्कर अर्जदारांना बरेचदा सहा-सात वर्षांचा शांत कुत्रा सुचवतात आणि पर्यायी सांभाळकर्त्याचं नाव मागतात. मला ही पद्धत फार योग्य वाटते. प्रौढ कुत्र्याचा स्वभाव कळलेला असतो, शी-शूची सवय बरेचदा लागलेली असते आणि त्याला घर मिळणं पिल्लापेक्षा अवघड असतं.

घरात अगदी लहान मूल असेल तर काही संस्था तीन-चार किलोचा कुत्रा द्यायला नकार देतात. हा तुमच्या मुलावरचा अविश्वास नव्हे. अशा कुत्र्याच्या पुढच्या पायांची हाडं काडीसारखी बारीक असतात. कडेवरून निसटला किंवा सोफ्यावरून उडी चुकली तरी ती मोडतात. मूल सात-आठ वर्षांचं असेल आणि 'उचलायचं नाही, जमिनीवर बसून लाड करायचे' हे ऐकणारं असेल तर सहसा अडचण येत नाही.

कोणती कागदपत्रे लागतात

छायाचित्र असलेलं ओळखपत्र आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा सगळीकडे लागतो. ओळखपत्रावरचा पत्ता जुना असेल तर चालू भाडेकरार किंवा वीजबिल सोबत ठेवा. भाडेकरूंनी घरमालकाचं पत्र आणावं आणि त्यात 'कुत्रा पाळण्यास हरकत नाही' असं स्पष्ट लिहून घ्यावं. तोंडी होकार पुढे वाद झाला की उपयोगी पडत नाही. इमारतीच्या किंवा वसाहतीच्या नियमांत वजनाची वा संख्येची मर्यादा असेल तर ती आधीच वाचा.

घरात आधीपासून कुत्रा किंवा मांजर असेल तर त्यांची लसीकरणाची नोंद आणि नसबंदीचं प्रमाणपत्र मागतात. पूर्वी प्राणी पाळला असेल तर तुमच्या पशुवैद्याचं नाव आणि संपर्कही विचारतात. संस्था तिथे फोन करून लशी वेळेवर दिल्या होत्या का, हे खरंच पाहते, म्हणून डॉक्टरांना आधी कल्पना देऊन ठेवा. याशिवाय ओळखीच्या दोन व्यक्तींचे संदर्भ आणि घराचे काही फोटो लागू शकतात.

अनेक शहरांत पाळीव कुत्र्याची स्थानिक प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते किंवा परवाना काढावा लागतो. तो दत्तक घेतल्यानंतर तुमच्या नावाने निघतो आणि त्यासाठी रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र जवळपास नेहमीच लागतं. ताबा घेतानाच संस्थेला मुदत आणि कार्यालय विचारून घ्या.

अर्जातले अवघड प्रश्न

नाव-पत्ता भरून झाला की खरे प्रश्न सुरू होतात. कुत्रा रात्री कुठे झोपणार? किती वेळ एकटा राहणार? घर बदललंत तर काय कराल? त्याने चावा घेतला, फर्निचर कुरतडलं, रात्रभर भुंकला तर काय कराल? आधीचा प्राणी कसा गेला?

इथे लोक संस्थेला आवडेल असं उत्तर लिहितात. तसं करू नका. 'दिवसभर कोणीतरी घरी असतं' असं लिहिलंत आणि प्रत्यक्षात घर आठ तास बंद असेल, तर संस्था तुम्हाला एकटं राहायला घाबरणारा कुत्रा देऊन बसेल. तो भुंकणार, दार ओरबाडणार, शेजारी तक्रार करणार. खरं लिहिलं असतं तर एकटेपणा सहन करणारा, चार-पाच वर्षांचा कुत्रा त्यांनी शोधला असता. 'दुपारी शेजारची मावशी येऊन त्याला फिरवून आणेल' असं साधं, खरं उत्तर गोड वाक्यांपेक्षा कितीतरी जड ठरतं. पिल्लासाठी मात्र आठ तासांचं बंद घर चालतच नाही. लहान पिल्लाचं मूत्राशय तेवढं धरू शकत नाही आणि त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला द्यावं लागतं. इवल्या पिल्लांमध्ये जेवण चुकलं की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. ते थरथरतं, लुळं पडतं आणि जीवही जाऊ शकतो.

वयाची अटही याच संदर्भात समजून घ्या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नये. फारच लहान चणीच्या पिल्लांना काही संस्था दहा-बारा आठवड्यांपर्यंत ठेवून घेतात. कोणी पाच आठवड्यांचं पिल्लू 'आजच घेऊन जा' म्हणत असेल तर तिथून घेऊ नका.

भेट आणि घरभेट

कुत्र्याला भेटायला घरातले सगळे जा, आणि आधीचा कुत्रा असेल तर संस्था सांगेल तेव्हा त्यालाही न्या. वाकून डोक्यावरून हात फिरवण्यापेक्षा बाजूला बसा आणि त्याला येऊ द्या. शेल्टरच्या गोंगाटात कोपऱ्यात दबून बसलेला कुत्रा घरी महिन्याभरात वेगळाच दिसतो, म्हणून पहिल्या भेटीत त्याने शेपूट हलवली नाही तर लगेच नाव खोडू नका. त्याला रोज खायला घालणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारा, त्याच्याकडची माहिती कोणत्याही नोंदीपेक्षा उपयोगी असते.

घरभेटीला घर चकाचक असण्याची गरज नाही. बाल्कनीच्या गजांमधली फट, फाटकाखालची मोकळी जागा, उघडी गच्ची या गोष्टी ते पाहतात. मोठा कुत्रा अडकेल अशा फटीतून लहान कुत्रा सहज निसटतो. जाळी आधीच लावून घेतलीत तर अर्ज लवकर पुढे सरकतो. काही संस्था ही पाहणी व्हिडिओ कॉलवर करतात.

घरात आधी पार्व्होने (उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराने) कुत्रा दगावला असेल तर ते लपवू नका. तो विषाणू घरात-अंगणात महिनोन्‌महिने तग धरतो. अशा घरी लसीकरण पूर्ण झालेला प्रौढ कुत्राच द्यावा लागतो.

शुल्क, आणि फसवणूक

दत्तक शुल्क म्हणजे कुत्र्याची किंमत नाही. लशी, जंतनाशक, कातडीखाली बसवायची ओळखीची मायक्रोचिप, नसबंदी यांवर झालेल्या खर्चाचा तो एक भाग असतो. पावती घ्या. लहान, गोंडस पिल्लांचे फोटो टाकून 'फक्त वाहतूक खर्च पाठवा' म्हणणारे भामटे सगळीकडे आहेत. आधी पैसे, मग विमा, मग पिंजऱ्याचे पैसे अशी मागणी वाढत जाते आणि कुत्रा मुळात नसतोच. कुत्र्याला प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही.

करारात काय लिहिलेलं असतं

करार घरी नेऊन शांतपणे वाचा, तो सहीपुरता नसतो. कुत्रा विकायचा नाही, परस्पर कोणाला द्यायचा नाही, सांभाळणं अशक्य झालं तर संस्थेकडेच परत करायचा, हे कलम जवळपास प्रत्येक करारात असतं. कायम साखळीला बांधून ठेवू नये, वेळेवर उपचार करावेत, पत्ता बदलल्यास कळवावं, संस्थेला पाठपुराव्यासाठी भेट देऊ द्यावी, अशाही अटी असतात. पिल्लू नसबंदीसाठी लहान असेल तर ती कोणत्या महिन्यापर्यंत करायची हे लिहिलेलं असतं आणि काही ठिकाणी तोवर अनामत रक्कम ठेवतात. शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, आधीपासूनच्या आजाराचा कोणाचा, हे मोघम असेल तर सही करण्यापूर्वी लेखी स्पष्ट करून घ्या. चाचणी कालावधी असेल तर त्या काळात कुत्रा कायद्याने कोणाचा, हेही विचारा.

ताबा घेताना हाती काय यायला हवं

कराराची प्रत, लसीकरण कार्ड, जंतनाशकाच्या तारखा, नसबंदीचं प्रमाणपत्र आणि चिपचा क्रमांक. लसीकरण कार्डावर लशीचं लेबल, तारीख आणि पशुवैद्याची सही-शिक्का आहे ना ते पाहा. नुसती हाताने लिहिलेली तारीख परवान्याला चालेलच असं नाही. पिल्लाला डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस या विषाणूजन्य आजारांची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि 16 आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा देतात. रेबीजची लस साधारण 12 आठवड्यांनंतर. म्हणजे पिल्लू घरी येतं तेव्हा त्याचा लशींचा क्रम बहुधा अर्ध्यावर असतो, आणि पुढची तारीख चुकवून चालत नाही.

मायक्रोचिप सहसा पंधरा अंकी क्रमांकाची असते. तिच्यात बॅटरी नसते आणि कुत्रा कुठे आहे हे ती सांगत नाही. स्कॅनर फिरवला की फक्त क्रमांक दिसतो. त्या क्रमांकापुढे अजून संस्थेचंच किंवा जुन्या मालकाचं नाव असेल तर हरवलेला कुत्रा तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून नोंद तुमच्या नावावर करण्याचा अर्ज त्याच दिवशी भरा.

लहान कुत्र्याच्या फाईलमध्ये आणखी तीन गोष्टी शोधा: दात, गुडघे, हृदय. लहान जबड्यात दात दाटीने बसतात आणि हिरड्यांचे विकार लवकर सुरू होतात. गुडघ्याची वाटी सरकणं लहान जातींत नेहमीचं आहे. कुत्रा धावताना मध्येच एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारत असेल तर विचारा. वय झालेल्या लहान कुत्र्यांत हृदयाच्या झडपेचा आजार बराच आढळतो. यातलं काही असलं तरी कुत्रा दत्तक घेण्याजोगा असतोच, फक्त तुम्हाला ते माहीत हवं.

घरी आणल्यावर

गळ्याला पट्टा ओळखपट्टीसाठी ठेवा, फिरवताना हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणारा पट्टा, वापरा. लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते आणि गळ्याला हिसका बसला की खोकला धरतो. गाडीतून आणताना पिंजरा किंवा बंद पिशवी हवी, मांडी नव्हे.

जागा आधीच ठरवा. वर्दळ नसलेला कोपरा, अंथरूण, पाणी, तिथेच जवळ शू करायची जागा. पहिले काही दिवस संस्थेत मिळत होतं तेच खाणं द्या आणि बदल हळूहळू आठवडाभरात करा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं काहीही त्याच्या तोंडाला लागता कामा नये. वजन तीन किलो असेल तर अगदी थोडकंही घातक ठरतं.

पाहुण्यांना बोलावण्याची घाई करू नका. जुळवून घेण्याबद्दल तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशोब सांगतात. तीन दिवस तो भांबावलेला, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटू लागतं. तोवर तो नीट जेवला नाही, कॉटखाली बसून राहिला तर ओढून बाहेर काढू नका. तुम्ही त्याच खोलीत आपलं काम करत बसा, बोलत राहा. मात्र प्रौढ कुत्रा चोवीस तास काहीच खात नसेल, पिल्लाने एक-दोन वेळचं जेवण सोडलं असेल, किंवा उलट्या, रक्ताळ शी, सुस्ती असेल तर थांबू नका, पशुवैद्य गाठा. काहीही त्रास नसला तरी पहिल्या आठवड्यात एकदा तपासणी करून घ्या.

महिन्याभरात संस्थेचा फोन येईल. वजन, जेवण, लशीची पुढची तारीख, परवाना झाला का, असं विचारतील. अडचण असेल तर तेव्हाच मोकळेपणाने सांगा. शी-शूची सवय, भुंकणं, आधीच्या कुत्र्याशी न जमणं यांवर बहुतेक संस्था मार्गदर्शन करतात किंवा प्रशिक्षक सुचवतात. या फोनच्या वेळी लसीकरण कार्ड आणि चिप तुमच्या नावावर झाल्याची नोंद हाताशी ठेवा, आणि फोन नंबर बदललात तर संस्था, चिपची नोंदवही आणि ओळखपट्टी अशा तिन्ही ठिकाणी तो बदला.