लिनक्सवर पेजमेकर चालेल का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या थांबल्या. घरगुती वापरासाठी वर्षभराची वाढीव मुदत दिली गेली, पण ती वर्षभराचीच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण २०१७च्या अखेरीनंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे डीटीपीच्या दुकानांतली आणि छोट्या छापखान्यांतली धडधाकट यंत्रं एका तारखेला ‘जुनी’ ठरली. तेव्हापासून एक प्रश्न पुन्हा ऐकू येतोय: “लिनक्स टाकलं तर पेजमेकर चालेल का? आणि आपला फॉन्ट?” लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आणि पेजमेकर म्हणजे छपाईची पानं लावायचा जुना प्रोग्रॅम.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘बहुतेक चालेल’ एवढंच आहे. दुसऱ्याचं द्यायला तीसेक वर्षं मागं जावं लागतं.

ऑपरेटिंग सिस्टिम बदला, सॉफ्टवेअर तेच ठेवा, हे आश्वासन लिनक्सवाल्यांनी शोधलेलं नाही. १९९२मध्ये आयबीएमच्या ओएस/२ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या दुसऱ्या आवृत्तीत डॉसचे आणि विंडोज ३चेही प्रोग्रॅम चालायचे, आणि तीच तिची जाहिरात होती. मग तिच्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लिहायचे कष्ट कोण घेणार? फारसे कुणी घेतले नाहीत. मॅकने १९९४, २००१, २००६ आणि २०२० अशा चार वेळा पाया बदलला. दर वेळी जुने प्रोग्रॅम चालवणारा एक मधला थर दिला. २००१चा थर २००७मध्ये गेला, २००६चा २०११मध्ये. असे थर कायमचे नसतात, हे मॅकवाल्यांना सवयीनं कळलेलं आहे. विंडोजवाल्यांना ते आत्ता कळतंय.

मराठीत हीच खटपट आणखी आधी, वेगळ्या वाटेनं झाली होती. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुण्यातल्या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड आलं. हे कार्ड संगणकात बसवलं की वर्डस्टार, डीबेस, लोटस हे तेच इंग्रजी प्रोग्रॅम देवनागरी दाखवायचे. प्रोग्रॅमला पत्ताही नसायचा. त्यामागचं कोष्टक म्हणजे इस्की, १९९१मध्ये भारतीय मानक झालेलं. त्यात अक्षराला क्रमांक होता, अक्षराच्या चित्राला नव्हता. ‘कि’ साठवताना आधी क, मग वेलांटी. पडद्यावर वेलांटी आधी दिसते, ते बघून घेणं कार्डाचं काम. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढच्या दहा वर्षांत नेमका तोच हातातून सुटला.

विंडोज ९५ आली आणि पडद्यावरची अक्षरं चित्रं झाली. डॉसच्या मजकुरासाठी बनवलेल्या कार्डाचा उपयोग सरला. विंडोजला देवनागरी येत नव्हती, पेजमेकरलाही येत नव्हती. तेव्हा एक युक्ती सर्वांनाच सुचली: देवनागरीला रोमनचे कपडे घालायचे. फॉन्टच्या फाइलीत रोमन अक्षरांच्या घरांमध्ये क, ख, काना, मात्रा, अर्धा स अशी चित्रं बसवायची. प्रोग्रॅमला वाटतं इंग्रजी चाललंय, माणसाला मराठी दिसतं. आज या युक्तीला नावं ठेवणं सोपं आहे, पण ती नसती तर पुण्या-मुंबईतले खिळे जुळवणारे छापखाने एवढ्या लवकर डीटीपीवर आलेच नसते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, कृतिदेव अशी पॅकेजं आणि फॉन्ट पसरले. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत सगळं पेजमेकरमध्ये लागू लागलं. ओळखीचं सॉफ्टवेअर न सोडता भाषा बदलण्याचा एवढा यशस्वी प्रयोग दुसरा मला माहीत नाही.

किंमत नंतर मोजावी लागली, आणि ती एका शब्दात अडकलेली आहे. तो शब्द ‘फॉन्ट’.

डीटीपीच्या दुकानात जाऊन विचारा, “तुमच्याकडे फॉन्ट कुठला?” उत्तर येतं, “श्रीलिपी.” हे पॅकेजचं नाव, त्यात फॉन्ट कितीतरी आहेत. “टायपिंग कुठल्या फॉन्टात करता?” “रेमिंग्टन.” हा तर कळफलक, टाइपरायटरवरून आलेला. “फाइल कुठल्या फॉन्टात आहे?” “युनिकोड.” हे अक्षरांना क्रमांक देण्याचं कोष्टक, त्याला स्वतःचं रूपच नाही. आणि पत्रिका छापायला आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, “जरा वेगळा फॉन्ट दाखवा ना,” तेव्हा ते अक्षराच्या वळणाबद्दल बोलत असतं. या चार वापरांत फक्त गिऱ्हाइकाचाच शब्द बरोबर असतो.

इंग्रजीत हा घोळ होत नाही, कारण तिथं या गोष्टी आपापल्या जागी आधीच वेगळ्या झालेल्या असतात. ए हे अक्षर कुठल्याही वळणात लिहा, कुठल्याही कळफलकावरून लिहा, आत क्रमांक तोच. मराठीत पॅकेज विकत घेतलं की वळण, क्रमांक, कळफलक आणि चोरी टाळणारं कुलूप एकाच डब्यात मिळायचं, म्हणून एकच शब्द पुरायचा. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं तर संगणकाच्या लेखी ती ई, जे, के, मोठा बी आणि एच अशा पाच रोमन अक्षरांची ओळ असते. फॉन्ट काढून घेतला की तीच दिसते. दुसऱ्या पॅकेजात म भलत्याच घरात असतो, त्यामुळे एका दुकानाची फाइल दुसऱ्या दुकानात नेली की किडेमकोडे. शिवाय इथं साठवण अक्षराची नसून चित्रांची: वेलांटी आधी, अक्षर नंतर, रफार सगळ्यात शेवटी, टाइपरायटरवर बोटं पडतील त्या क्रमानं. इस्कीत मिळवलेली शिस्त इथं सांडली.

कळफलकाचा भाग तर निव्वळ बोटांचा आहे. मराठी टायपिंगची ३० शब्द प्रतिमिनिटाची परीक्षा देऊन कारकुनीला लागलेल्या माणसाच्या बोटांत रेमिंग्टन मुरलेला असतो. इन्स्क्रिप्ट हा दुसरा कळफलक १९८६पासून सरकारी मानक आहे आणि शिकायला सोपाही आहे, पण तो बोटांना पटत नाही. ‘युनिकोड नको’ असं म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांचा विरोध युनिकोडला नसून इन्स्क्रिप्टला असतो, असं माझं मत आहे. रेमिंग्टनच्या कळा दाबून युनिकोड उमटवता येतं, विंडोजवर आणि लिनक्सवरही. पण दोन्ही गोष्टींना ‘फॉन्ट’च म्हणत असल्यामुळे हे सांगूनही पटत नाही. लोक म्हणतात, “म्हणजे फॉन्ट बदलायचा नाही, पण फॉन्ट बदलायचा?” हो, नेमकं तेच.

वळणाचीही एक खरी तक्रार होती. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली, सोबत मंगल नावाचा फॉन्ट आला, आणि त्यातला ल हिंदी वळणाचा. मराठी ल आणि श वेगळे लिहिले जातात. राज्य सरकारच्या ६ नोव्हेंबर २००९च्या लिपीविषयक निर्णयातही तीच वळणं आहेत. पण लोकांनी मंगल बघितला आणि ‘युनिकोडमध्ये मराठी ल नाही’ असं ठरवून टाकलं. युनिकोडला ल माहीत आहे. त्याची शेपटी कुठं वळवायची ते फॉन्ट काढणाऱ्याचं काम. पुन्हा तोच शब्द, तोच घोळ.

छपाईचा धंदा जुन्या फॉन्टांवरच राहिला, आणि त्या निर्णयावर अजून भांडण आहे. एक बाजू म्हणते, युनिकोड आलं तेव्हाच छपाईच्या धंद्यानं बदलायला हवं होतं. सरकारी पत्रव्यवहार युनिकोडमध्ये हवा असं सांगितलं जात होतं, तरी छापायला जाणारा मजकूर पुन्हा जुन्या फॉन्टात टाइप होत होता. दुसरी बाजू विचारते, बदलून लावायचं कशात? विंडोज एक्सपीत देवनागरी होती, पण आपोआप नव्हती. भाषेच्या सेटिंगमध्ये एक खूण करून एक्सपीची सीडी घालावी लागे, आणि ती सीडी सापडायची नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, तिला युनिकोड कळत नव्हतं. तिची जागा घेणाऱ्या इनडिझाइनला भारतीय लिप्या थेट यायला २०१२ची सीएस६ आवृत्ती उजाडली. म्हणजे बारा वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमला मराठी येत होतं आणि पान लावणाऱ्या प्रोग्रॅमला येत नव्हतं. त्या काळात दुकानदारानं पेजमेकर सोडला नाही, याबद्दल त्याला बोल लावणं मला पटत नाही. २०१२नंतरही सोडला नाही, त्याबद्दल मात्र लावता येईल.

आता वाइनकडे, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या मधल्या थराकडे. १९९३मध्ये हे काम सुरू झालं ते विंडोज ३.१चे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवण्यासाठी. १.० आवृत्ती यायला २००८ साल लागलं, पंधरा वर्षं. त्याच्या नावाचा विस्तारच ‘वाइन हे इम्युलेटर नव्हे’ असा आहे. ते खोटा संगणक उभा करत नाही. प्रोग्रॅम विंडोजकडे जे मागतो, ते लिनक्सकडून आणून देतं, एखाद्या दुभाष्यासारखं. म्हणून पेजमेकरसारखा जुना, सरळ वागणारा प्रोग्रॅम त्यावर बऱ्यापैकी चालतो. गंमत अशी की, ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. नव्वदच्या दशकातल्या अनेक सीड्यांवरचा सेटअप १६ बिटचा आहे. आतला प्रोग्रॅम चालू शकत असला तरी दारच उघडत नाही. वाइनमध्ये ते दार अजून उघडतं.

अडतं ते मराठी पॅकेजापाशी. त्या काळात चोरी टाळायला अशा पॅकेजांबरोबर डोंगल नावाचं कुलूप यायचं, आधी प्रिंटरच्या पोर्टात बसणारं, नंतर यूएसबीचं. त्याला विंडोजच्या गाभ्यात शिरणारा ड्रायव्हर लागतो, आणि वाइन गाभ्याबाहेर राहून काम करतं. दुसरी अडचण, ही पॅकेजं कळफलक आणि चालू प्रोग्रॅम यांच्या मधोमध बसून दाबलेली कळ पकडतात. हा आगाऊपणा विंडोज सहन करते. वाइनमध्ये तो कधी चालतो, कधी नाही. म्हणून लिनक्सवर पेजमेकर उघडतो, जुनी फाइल फॉन्टसकट दिसते, छापता येते, आणि नवी ओळ टाइप करायला गेलं की हात थांबतात.

लिनक्सची स्वतःची मराठी या काळात बरीच सुधारली, आणि त्यातलं काही काम पुण्यातच झालं. लोहित फॉन्टांची देखभाल करणारी मंडळी इथल्याच एका कचेरीत बसायची. अक्षरं जुळवण्याचं काम आता बहुतेक ठिकाणी हार्फबझ हे सॉफ्टवेअर करतं. हे फारसी नाव आहे, हर्फ म्हणजे अक्षर. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस पॅकेजनं २०१७च्या ५.३ आवृत्तीपासून सगळ्याच ऑपरेटिंग सिस्टिमवर तेच घेतलं. त्यामुळे जोडाक्षर विंडोजवर एक आणि लिनक्सवर भलतंच, हा जुना त्रास बराच कमी झाला.

मोठ्या प्रमाणावरच्या बदलांची उदाहरणं या चर्चेत हमखास येतात. म्युनिक शहरानं २००३मध्ये ठरवून २०१३पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७मध्ये परत फिरण्याचा ठराव केला. दोन्ही बाजू तेच उदाहरण देतात. केरळच्या शाळा लिनक्सवर गेल्या, आपल्याकडच्या जिल्हा न्यायालयांत उबुंटू हे लिनक्स आलं. या ठिकाणी सॉफ्टवेअर वरून ठरतं. दुकानात ते गिऱ्हाईकाच्या पेन ड्राइव्हमध्ये काय आहे त्यावर ठरतं.

गेल्या सात-आठ वर्षांत वाइनला खरा जोर मिळाला तो खेळांमुळे. २०१८च्या ऑगस्टमध्ये वाइनवर बेतलेलं, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आलं, २०२२मध्ये त्यावर चालणारं हातात धरायचं खेळयंत्र आलं, आणि पैसा व माणसं तिकडून आली. डीटीपीवाल्याला त्याचा फायदा झाला तो आपसूक. टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन हे आजचे अडसर. टोकन तर जुन्या डोंगलचंच भावंड, लिनक्सचा ड्रायव्हर आहे का ते घेतानाच विचारावं. बाकीचं पुष्कळसं काम ब्राउझरमध्ये गेल्यानं तिथं प्रश्नच उरलेला नाही.

सध्या बऱ्याच ठिकाणी मधला मार्ग दिसतो. यंत्रावर लिनक्स, नवं काम युनिकोडमध्ये, आणि जुन्या फाइलींपुरती आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात, जुनी विंडोज, इंटरनेट तोडून. लिब्रेऑफिस २०१५पासून पेजमेकरच्या फाइली थेट उघडतं, पण आतला मजकूर असतो तसाच: ई, जे, के, मोठा बी, एच. मग त्याचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर लावावा लागतो, आणि पुष्कळसे कन्व्हर्टर हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेले. त्यांना मराठीचा आडवा अर्धा र ओळखू येत नाही. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक ऱ या वेगळ्या अक्षरानं आणि एक साध्या र पुढं न दिसणारा जोडक घालून, त्यामुळे शोधतानाही निसटतो. वीस वर्षांपूर्वीचा एखादा स्मरणिकेचा अंक बदलून घेतला की दऱ्यांचा दर्या होतो आणि आचाऱ्यांना दिलेली बिदागी आचार्यांच्या नावावर पडते. ते पानपान वाचून दुरुस्त करावं लागतं, आणि त्याचे पैसे वेगळे.