खासगी विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकाऱ्याला पोलिसांचे अधिकार कसे मिळतात? मॅसॅच्युसेट्समधील अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

बॉस्टनला शिकायला गेलेली मुलं पहिल्या आठवड्यातच विद्यापीठाच्या पोलिसांचा नंबर फोनमध्ये साठवतात. इकडे पुण्यात, नागपुरात किंवा कोल्हापुरात आई-वडिलांना प्रश्न पडतो, की हे पोलीस म्हणजे नक्की कोण? पगार विद्यापीठ देतं, गाडीवर नाव विद्यापीठाचं, आणि विद्यापीठ तर खासगी. मग कमरेला पिस्तूल आणि हातात बेड्या कोणाच्या परवानगीने? आपल्या कॉलेजच्या गेटवरचा वॉचमन ओळखपत्र तपासतो, वहीत नाव लिहून घेतो. त्याने कोणाला अटक केली, असं आपण कधी ऐकलेलं नसतं.

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यांतील प्रकरण 22सी, कलम 63 नुसार राज्य पोलीस दलाचे प्रमुख, म्हणजे तिथले कर्नल, एखाद्या कॉलेजच्या, विद्यापीठाच्या किंवा परवानाधारक रुग्णालयाच्या विनंतीवरून त्या संस्थेच्या कर्मचाऱ्यांना ‘स्पेशल स्टेट पोलीस ऑफिसर’ म्हणून नेमू शकतात. हार्वर्ड, एमआयटी, बॉस्टन युनिव्हर्सिटी, नॉर्थईस्टर्न, टफ्ट्स या सगळ्या खासगी विद्यापीठांचे पोलीस याच वाटेने आलेले आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ मॅसॅच्युसेट्स ही सरकारी, तिच्या पोलिसांसाठी वेगळं कलम आहे. ते इथे सोडून देऊ.

म्हणजे विद्यापीठ पगार देतं, पण अधिकार देत नाही. अधिकार राज्याचा असतो. तो ठरावीक माणसाला, ठरावीक जागेपुरता आणि ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो. पुढची सगळी प्रक्रिया या तीन गोष्टींभोवती फिरते.

अर्ज कोणी करायचा

उमेदवाराला स्वतःहून अर्ज करता येत नाही. ‘मला कॅम्पस पोलिसांचे अधिकार द्या’ असं कोणी एकटा माणूस राज्य पोलिसांकडे मागू शकत नाही. कायद्याच्या शब्दांत विनंती संस्थेच्या पदाधिकाऱ्याकडून यावी लागते. म्हणून क्रम असा, की आधी विद्यापीठात नोकरी, मग विद्यापीठाची विनंती, मग राज्याची तपासणी आणि शेवटी नेमणूक.

आणि तो माणूस संस्थेचा स्वतःचा कर्मचारी असावा लागतो. ही अट छोटी दिसते, पण फार महत्त्वाची आहे. एजन्सीने पाठवलेला, ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा गार्ड या कलमात बसत नाही. आपल्याकडे बहुतेक कॅम्पसवर ठेक्याचेच गार्ड असतात. ठेका बदलला की चेहरे बदलतात, आणि काही चूक झाली तर विद्यापीठ एजन्सीकडे बोट दाखवतं, एजन्सी गार्डकडे. अटकेचा अधिकार ज्याच्या हाती द्यायचा, त्याच्या वागण्याची जबाबदारी नेमणाऱ्या संस्थेला झटकता येऊ नये. त्यामुळे ही अट मला पूर्णपणे योग्य वाटते.

याच विद्यापीठांत साधे सुरक्षारक्षकही असतात. ते इमारतीच्या दारात बसतात, पास तपासतात, रात्री मुलांना वसतिगृहापर्यंत सोबत करतात. त्यांना हे अधिकार नसतात. आपल्या मुलांनी दोन्ही गणवेशांतला फरक पहिल्याच महिन्यात समजून घ्यावा.

पात्रता आणि कागदपत्रे

2020 पर्यंत राज्य पोलिसांची नेमणूक हाच मुख्य टप्पा होता. मे 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा मिनीआपोलिसमध्ये पोलिसांच्या हातून मृत्यू झाला आणि देशभर आंदोलन पेटलं. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सने पोलीस सुधारणा कायदा केला. 31 डिसेंबर 2020 रोजी गव्हर्नर चार्ली बेकर यांनी त्यावर सही केली. त्यातून नऊ सदस्यांचा एक आयोग उभा राहिला, ज्याला सगळे ‘पोस्ट कमिशन’ म्हणतात. आता राज्यातल्या प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याला या आयोगाचं प्रमाणपत्र लागतं आणि खासगी विद्यापीठांचे स्पेशल स्टेट पोलीस ऑफिसरही त्यातून सुटलेले नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर खात्याने त्या माणसाला नेमायचंच नाही.

आयोगाच्या अटी आणि त्यासाठी लागणारे पुरावे असे:

- वय किमान 21 वर्षं पूर्ण.
- हायस्कूल, म्हणजे तिथलं बारावीपर्यंतचं शिक्षण, किंवा त्याच्या तोडीचं शिक्षण. तोडीचं काय मानायचं हे आयोग ठरवतो, त्यामुळे दुसऱ्या देशात शिकलेल्याने नुसती गुणपत्रिका पुरेशी आहे असं गृहीत धरू नये.
- मान्यताप्राप्त पोलीस अकादमीतून मूलभूत प्रशिक्षण पूर्ण केल्याचा दाखला.
- शारीरिक आणि मानसिक क्षमतेच्या तपासणीचा अहवाल.
- बोटांचे ठसे आणि राज्य व राष्ट्रीय पातळीवरची पार्श्वभूमी तपासणी.
- आजवरच्या सगळ्या नोकऱ्यांचा तपशील.
- आयोगाने मान्य केलेली परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा पुरावा.
- प्रथमोपचार आणि सीपीआरचं चालू मुदतीतलं प्रमाणपत्र.
- तोंडी मुलाखत.
- चांगली वर्तणूक आणि पोलीस कामासाठी योग्य असल्याचा आयोगाचा निर्वाळा.

यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याकडच्या भरतीतही ओळखीच्या आहेत. वर्तणुकीचा दाखला आपणही जोडतोच. पण नोकऱ्यांच्या तपशिलाची अट जरा थांबून वाचावी अशी आहे. उमेदवाराने आधी कुठल्याही राज्यात किंवा केंद्र सरकारकडे पोलीस म्हणून काम केलं असेल, तर तिथल्या तक्रारी आणि शिस्तभंगाच्या कारवाया यांच्यासह पूर्ण नोंद तपासली जाते. याचं कारण अमेरिकेच्या अनुभवात आहे. एका गावात मारहाणीच्या तक्रारींमुळे राजीनामा द्यायचा आणि शेजारच्या राज्यात नव्याने रुजू व्हायचं, अशी पळवाट तिथे वर्षानुवर्षं चालत आली. विद्यापीठाच्या मनुष्यबळ विभागाने गोड शब्दांतलं शिफारसपत्र पाहून उमेदवार घेतला, तरी आयोग मूळ फाईल मागतो.

मानसिक क्षमतेची तपासणीही तितकीच मोलाची आहे. कॅम्पसवर पोलिसांसमोर येणारी मुलं बहुतेकदा अठरा-वीस वर्षांची असतात. घरापासून लांब, परीक्षेच्या ताणाखाली, कधी नशेत, कधी रडवेली. दार आतून लावून बसलेल्या मुलाशी रात्री दोन वाजता बोलणाऱ्या माणसाकडे संयम नसेल, तर अकादमीतल्या नेमबाजीच्या गुणांचा काही उपयोग नाही.

विद्यापीठाच्या बाजूने मुख्य कागद म्हणजे पदाधिकाऱ्याच्या सहीचं विनंतीपत्र आणि उमेदवार आपला कर्मचारी असल्याचा पुरावा. त्यापुढे कोणत्या अटी घालायच्या हे ठरवण्याचा हक्क कायद्याने कर्नलना दिला आहे. प्रशिक्षण, शस्त्र, बळाचा वापर याविषयीचे नियम याच हक्कातून येतात.

मुदत आणि हद्द

नेमणूक तीन वर्षांची असते आणि त्याआधीही कर्नल ती काढून घेऊ शकतात. आयोगाचं प्रमाणपत्रही तीन वर्षांचंच. नोकरी सोडली की हा अधिकार माणसाबरोबर जात नाही.

हद्दीचा मुद्दा मात्र बारकाईने समजून घ्यावा लागतो. संस्थेच्या ‘मालकीच्या, वापरातल्या किंवा ताब्यातल्या’ जमिनीवर आणि इमारतींत घडलेल्या गुन्ह्यासाठी या अधिकाऱ्याला नेहमीच्या पोलिसासारखाच अटकेचा अधिकार आहे. ‘वापरातल्या’ या शब्दामुळे भाड्याने घेतलेला मजलाही हद्दीत येतो. पण समोरचा रस्ता आणि फुटपाथ शहराचा. बॉस्टन आणि केंब्रिजमधले कॅम्पस काही भिंतीआड बंद नाहीत. एक इमारत विद्यापीठाची, मध्ये दुकान, मग पुन्हा विद्यापीठ. वर्गातून वसतिगृहाकडे निघालेली मुलगी दहा मिनिटांत चार वेळा हद्द ओलांडते.

यावर विद्यापीठांनी शोधलेला उपाय म्हणजे दुसरी नेमणूक. हार्वर्डचे अधिकारी मिडलसेक्स आणि सफोक या दोन्ही काउंटींचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांचे) डेप्युटी शेरीफही असतात; शेरीफ हा काउंटीचा कायदा अधिकारी, आणि डेप्युटी म्हणजे त्याच्या हाताखालचा. चार्ल्स नदीच्या एका काठावर केंब्रिज, ते मिडलसेक्समध्ये. पलीकडच्या काठावर बॉस्टनचा ऑलस्टन भाग, तो सफोकमध्ये. हार्वर्ड दोन्ही काठांवर पसरलेलं आहे, म्हणून दोन काउंटींचे अधिकार घ्यावे लागतात. काम सोयीचं होतं हे खरं. पण एका खासगी संस्थेच्या नोकराचा अधिकार अशा रीतीने शहराच्या रस्त्यावर येतो, आणि तिथल्या रहिवाशांचं त्या संस्थेच्या कारभारात मत नसतं. ही खंत त्या भागात राहणारे लोक बोलून दाखवतात, आणि ती खोटी नाही.

त्याचबरोबर या कामाची किंमतही विसरता येत नाही. 18 एप्रिल 2013 च्या रात्री एमआयटीच्या कॅम्पसवर गस्तीच्या गाडीत बसलेले विद्यापीठाचे पोलीस अधिकारी शॉन कॉलियर यांना बॉस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्ब ठेवणाऱ्यांनी गोळ्या घातल्या. ते 27 वर्षांचे होते.

नोंदी कोण पाहू शकतं

या व्यवस्थेची सगळ्यात कच्ची बाजू इथे आहे. शहराच्या पोलिसांची कागदपत्रं राज्याच्या माहिती कायद्याखाली मागता येतात. हार्वर्डच्या पोलिसांची कागदपत्रं त्याच कायद्याखाली मागण्याचा प्रयत्न तिथल्या विद्यार्थ्यांच्या ‘हार्वर्ड क्रिमसन’ या दैनिकाने केला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2006 मध्ये निकाल विद्यार्थ्यांच्या विरोधात लागला. कायदा सरकारी कार्यालयांना लागू होतो, हार्वर्ड खासगी आहे, आणि अधिकाऱ्यांना राज्याने अधिकार दिले म्हणून विद्यापीठाचं खातं सरकारी ठरत नाही, असा तो निकाल. कायद्याच्या अक्षराला धरून तो बरोबर असेल. मला मात्र तो स्वस्थ बसू देत नाही. बेड्या घालायचा अधिकार सरकारी, आणि त्या का घातल्या याची फाईल खासगी, हे पटत नाही.

तरी हात पूर्ण बांधलेले नाहीत. कलम 63 खाली अधिकारी असलेल्या प्रत्येक विद्यापीठाला रोजची नोंदवही ठेवावी लागते. आलेल्या तक्रारी, नोंदवलेले गुन्हे, अटक झालेल्यांची नावं आणि आरोप त्यात असतात आणि कामाच्या वेळेत ती कोणीही विनामूल्य पाहू शकतं. बलात्कार आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी पीडितांच्या रक्षणासाठी त्यातून वगळल्या जातात. शिवाय 1990 च्या क्लेरी कायद्यानुसार देशभरातल्या विद्यापीठांना दरवर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. प्रवेश निश्चित करण्याआधी पालकांनी तो जरूर वाचावा. फीच्या तक्त्याइतकाच तो महत्त्वाचा आहे.

प्रत्येक राज्याची वाट वेगळी

हे सगळं मॅसॅच्युसेट्सपुरतं. मेरीलँडमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासाठी 2019 मध्ये वेगळा कायदाच करावा लागला. त्यात अधिकाऱ्यांची संख्या 100 पर्यंत मर्यादित आहे, पंधरा जणांचं उत्तरदायित्व मंडळ आहे आणि बॉल्टिमोर शहराच्या पोलिसांशी लेखी करार सक्तीचा आहे. या पोलिसांच्या विरोधात विद्यार्थ्यांनी प्रशासनाच्या इमारतीत महिन्याहून जास्त काळ ठिय्या दिला. 2020 मध्ये विद्यापीठाने दल उभारण्याचं काम दोन वर्षं थांबवलं, मग लोकांची मतं मागवली आणि करारावर सह्या झाल्या त्या डिसेंबर 2022 मध्ये. एका कलमाखाली नुसत्या विनंतीने नेमणूक होणं आणि इतकी जाहीर घुसळण होऊन कायदा येणं, यांत मला दुसरी वाट जास्त प्रामाणिक वाटते, वेळ कितीही लागो.

महाराष्ट्रात असा अर्ज करता येतो का

खासगी विद्यापीठाच्या गार्डला पोलीस करणारी अशी वाट आपल्याकडे नाही. खासगी सुरक्षा एजन्सींना 2005 चा केंद्रीय कायदा लागू होतो. त्याच्या नमुना नियमांत गार्डसाठी 100 तास वर्गातलं आणि 60 तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितलं आहे, आणि पोलिसांसारखा गणवेश घालणं हा गुन्हा आहे. अटकेबाबत गार्डला तुमच्या-आमच्याइतकाच अधिकार. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 नुसार डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा घडला, तर कोणीही नागरिक त्या माणसाला पकडू शकतो. पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. म्हणून गार्डने मुलाला केबिनमध्ये कोंडून ठेवणं, मोबाईल काढून घेऊन तपासणं याला या कलमाचा आधार नाही.

महाराष्ट्र पोलीस कायद्यात विशेष पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, पण ती दंगल किंवा गंभीर अशांततेच्या प्रसंगी पोलिसांना मदत व्हावी म्हणून. कॅम्पसच्या रोजच्या पहाऱ्यासाठी नाही. अपुऱ्या शिक्षणाच्या, अपुऱ्या प्रशिक्षणाच्या तरुणांना विशेष पोलीस करून बंदूक देण्याचा छत्तीसगडमधला प्रकार सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये घटनाबाह्य ठरवला. आपल्या विद्यापीठांना उद्या असा अधिकार हवासा वाटला, तर सुरुवात त्या निकालापासून करावी लागेल.

तक्रार कुठे करायची

मॅसॅच्युसेट्सच्या कॅम्पसवर अधिकाऱ्याने अडवलं तर आधी शांतपणे नाव आणि खातं विचारून लिहून ठेवावं. वेळ आणि नेमकी जागाही लिहावी, कारण हद्दीचा प्रश्न जागेवरच ठरतो. तक्रार विद्यापीठाच्या पोलीस खात्याकडे करता येते आणि खातेप्रमुखाला ती दोन कार्यालयीन दिवसांत पोस्ट कमिशनकडे पाठवावी लागते. खात्यावर भरवसा नसेल तर थेट आयोगाकडेही करता येते, त्याचा अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर आहे. अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र चालू आहे, निलंबित आहे की रद्द झालंय, हेही तिथेच नाव टाकून पाहता येतं. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या मुलांनी प्रकरण अटकेपर्यंत गेलं असेल तर तक्रार लिहिण्याआधी वकिलाशी आणि विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी बोलावं.